तुरीच्या शेतावरील उडतें यंत्र : एका नवशिक्या चालिकेचें पहिलें प्रात्यक्षिक

शेतावरून विमान गेलें म्हणजे क्षणभर मान वर करून पाहावें आणि पुन्हां कामास लागावें, एवढाच आजवर आकाशयानांचा व आपल्या शेतकरीवर्गाचा संबंध होता. आतां ती स्थिति पालटली आहे. आकाशयान बांधावर येऊन उभें राहिलें आहे, औषधाची टाकी पोटाशीं घेऊन पिकावरून फिरूं लागलें आहे, आणि तें चालविणारी व्यक्ति पुष्कळ ठिकाणीं गांवांतीलच एखादी सूनबाई असते. या यंत्रास सर्वत्र ‘ड्रोन’ असें म्हणतात व आम्हीही तोच शब्द वापरूं. गेल्या कार्तिकांत बीड जिल्ह्यांत, बालाघाटाच्या पायथ्याच्या एका गांवीं, अशा एका बाईंचें पहिलें जाहीर प्रात्यक्षिक पाहण्याचा योग आम्हांस आला. तें प्रात्यक्षिक ठरल्याप्रमाणें पार पडलें नाहीं. आणि तसें पार पडलें नाहीं म्हणूनच तें वाचकांपुढें सविस्तर मांडावें असें आम्हांस वाटतें.

गरज कां पडली

बीड जिल्ह्याच्या खरिपांत कापूस, सोयाबीन व तूर हीं मुख्य पिकें होत. यांपैकीं तुरीची अडचण निराळी आहे. तूर फुलावर व शेंगांवर येते ती दसऱ्यानंतर. घाटे अळी, पिसारी पतंगाची अळी व शेंगमाशी यांचा उपद्रव होतो तोही तेव्हांच. आणि नेमक्या याच दिवसांत जिल्ह्यांतील लाखों स्त्री-पुरुष ऊसतोडीसाठीं पश्चिम महाराष्ट्रांत व कर्नाटकांत गेलेले असतात. कित्येक गांवांत म्हातारीं माणसें व शाळेंत जाणारीं मुलें तेवढीं उरतात. रोजगार वाढवून दिला तरी फवारणीस माणूस मिळत नाहीं, आणि अळी तर माणसाची वाट पाहत थांबत नाहीं.

दुसरी गोष्ट अशी कीं, या वेळीं तूर डोक्याइतकी, कोठें कोठें डोक्यावरही गेलेली असते. पाठीवर पंप घेऊन अशा तुरींत शिरणारा माणूस औषधाचा फवारा आपल्याच तोंडावर घेत पुढें जातो. हा धोका काल्पनिक नव्हे. 2017 च्या हंगामांत यवतमाळ जिल्ह्यांत फवारणी करितांना विषबाधा होऊन वीसांहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले आणि शेंकडों लोकांस रुग्णालयांत जावें लागलें. त्या वर्षीं तेथील कपाशी माणसाच्या उंचीस पोंचली होती व फवारणाऱ्यांच्या अंगावर संरक्षक कपडे नव्हते, ही गोष्ट त्या वेळीं पुष्कळ चर्चिली गेली. ज्यानें ती हकीकत वाचली आहे त्यास, माणूस बांधावर उभा राहील आणि फवारा पिकावर पडेल अशा यंत्राचें महत्त्व निराळें सांगावयास नको.

यंत्राचें कुळ

हें यंत्र ज्या कुळांतील आहे त्याची थोडी ओळख येथें करून देणें अवश्य आहे. कारण पुढील हकीकतीचें मर्म त्यांतच आहे.

आपल्या माळावर महारुखाचीं झाडें असतात. त्याचें पंखवालें बीं वाळून गळालें म्हणजे दगडासारखें सरळ खालीं येत नाहीं. गरगर फिरत, हवेवर रेलत, सावकाश उतरतें. त्यास कोणी फिरवीत नाहीं. तें खालीं पडतें म्हणूनच त्याच्या पंखास खालून हवा लागते, त्या हवेनें तें फिरतें, आणि फिरतें म्हणून तरंगतें. निसर्गाच्या या युक्तीवरच माणसानें एक विमान बांधलें. त्याचें नांव ऑटोजायरो किंवा जायरोप्लेन.

त्याचा कर्ता हुआन द ला सिएर्वा हा स्पेन देशांतील इंजिनियर होय. 1919 सालीं त्यानें बांधलेलें तीन इंजिनांचें एक विमान जमिनीलगत वेग मंदावल्यामुळें कोसळलें. साध्या विमानाचे पंख पुढें जाण्याच्या वेगावर अवलंबून असतात; वेग सुटला कीं आधार सुटतो. तेव्हां वेग मंदावला तरी ज्याचा आधार सुटणार नाहीं असें विमान असावें, या विचारानें तो झपाटला. त्यानें डोक्यावर मोठीं फिरतीं पातीं बसविलीं. परंतु तीं इंजिनास जोडलीं नाहींत. इंजिन केवळ पुढें नेण्याचें काम करी, आणि पातीं येणाऱ्या हवेनें आपोआप फिरत.

पहिले प्रयत्न फसले. पुढें जाणाऱ्या बाजूच्या पात्यास हवा जोरानें लागे, मागें येणाऱ्या पात्यास कमी लागे, आणि यंत्र एका कुशीवर कलंडे. शेवटीं त्यानें प्रत्येक पातें मुळाशीं बिजागरीवर बसवून त्यास वरखालीं होण्याची मोकळीक दिली, आणि दोष गेला. 1923 च्या जानेवारींत माद्रिदजवळील गेटाफे येथें त्याचें यंत्र प्रथम नीट उडालें. थोड्याच दिवसांत पुढील एका उड्डाणांत जमिनीपासून फार उंच नसतांनाच त्याचें इंजिन बंद पडलें. साधें विमान असतें तर अपघातच व्हावयाचा, परंतु तें महारुखाच्या बियासारखें हळूहळू उतरलें व चालकास इजा झाली नाहीं. 1928 च्या सप्टेंबरांत सिएर्वानें स्वतः अशाच यंत्रांतून, बरोबर एक फ्रेंच संपादक उतारू म्हणून घेऊन, इंग्लंड व फ्रान्स यांमधील खाडी ओलांडली. दैवगति अशी कीं, वेग सुटल्यानें होणारे अपघात टाळण्यासाठीं झटणारा हा पुरुष 1936 च्या डिसेंबरांत लंडनजवळ क्रॉयडन येथें, धुक्यांत उड्डाण करणाऱ्या एका साध्या प्रवासी विमानाच्या अपघातांत मरण पावला.

फवारणीचा ड्रोन हाही फिरत्या पात्यांवरच तरंगतो. परंतु एका बाबतींत तो या पूर्वजाच्या अगदीं उलट आहे. त्याच्या चार किंवा सहा पात्यांस प्रत्येकीं स्वतंत्र विजेची मोटार असते, आणि कोणतें पातें किती वेगानें फिरवावयाचें हें आंतील गणकयंत्र क्षणोक्षणीं ठरवितें. म्हणून तो जागच्या जागीं उभा राहूं शकतो, जें जायरोप्लेनास साधत नाहीं. परंतु बॅटरी संपली तर त्याचीं लहान, घट्ट बसविलेलीं पातीं हवेनें फिरून त्यास सांवरूं शकत नाहींत. तो दगडासारखा पडतो. जायरोप्लेनांत सावधपणाचा मोठा भाग यंत्रांतच घडविलेला आहे. ड्रोनमध्यें तो चालविणाऱ्याच्या अंगीं असावा लागतो.

प्रात्यक्षिकाचा दिवस

प्रात्यक्षिक करणाऱ्या बाई दहावी उत्तीर्ण, वय तिशीच्या आंतबाहेर, एका महिला बचत गटाच्या सभासद. केंद्र सरकारनें 2023 च्या नोव्हेंबरांत ‘नमो ड्रोन दीदी’ नांवाची योजना मंजूर केली. 2023-24 ते 2025-26 या काळांत 15,000 महिला गटांस ड्रोन देण्याचा तींत संकल्प होता. किंमतीच्या 80 टक्के, परंतु 8 लाख रुपयांहून अधिक नाहीं, इतकें साहाय्य, आणि उरलेल्या रकमेस कर्ज, अशी तिची रचना. शिक्षण पंधरा दिवसांचें, त्यांपैकीं पांच दिवस यंत्र चालविण्याचे व दहा दिवस खतें-औषधें फवारण्याचे. बाईंनीं तें पुरें केलें होतें. परंतु शिक्षकाच्या देखरेखीखालीं मोकळ्या मैदानावर यंत्र उडविणें निराळें, आणि आपल्याच गांवच्या लोकांपुढें, दुसऱ्याच्या उभ्या पिकावर, गटाच्या नांवचें कर्ज डोक्यावर असतां उडविणें निराळें.

शेत दोन एकर तुरीचें. मालक गांवांतील जाणते शेतकरी. सर्व त्यांस आबा म्हणत. शेताच्या पश्चिम बांधापलीकडे शेजाऱ्याची तुतीची बाग व तिच्या कडेस रेशमाच्या किड्यांचें संगोपनगृह. बीड जिल्हा रेशीम कोषांच्या उत्पादनांत महाराष्ट्रांत आघाडीवर आहे, हें वाचकांस विदितच आहे. त्या दिवशीं शेजाऱ्याचे किडे चौथी कात टाकून मोठ्या खाण्यास लागलेले होते. दिवसांतून तीन तीन वेळां पाला तोडून टाकावा लागे. अशा वेळीं कीटकनाशकाचा अंश पाल्यावर आला तर सारी बॅच हातची जाते.

प्रात्यक्षिक सकाळीं आठास ठरलें होतें. बाई उजाडतांच आल्या. त्यांनीं शेतास फेरी घातली, वरून गेलेल्या विजेच्या तारा व बांधावरील बाभूळ पाहून ठेवली, बॅटऱ्या तपासल्या. पाहुणे मात्र साडेअकरास आले. तोंवर ऊन चढलें होतें आणि पूर्वेकडून वारा सुटला होता. सत्कार झाले, नारळ फुटला, आणि आतां यंत्र वर जावें म्हणून लोक दाटी करून उभे राहिले.

बाईंनीं खिशांतून वाऱ्याचा वेग मोजण्याचें लहान यंत्र काढून वर धरलें; मग खालीं वांकून चिमूटभर माती घेतली व सोडली. माती तिरपी होऊन बांधाकडे गेली. त्या हळूच परंतु सर्वांस ऐकूं जाईल अशा आवाजांत म्हणाल्या, “आबा, आत्तां औषध मारतां येणार नाहीं. वारा तुतीकडे चाललाय.”

मंडळींत चुळबुळ झाली. इतकीं माणसें जमलीं आहेत, दोन फेऱ्या मारल्यानें काय बिघडतें, असें एक जण म्हणाला. बाईंस भीति वाटते म्हणून त्या वाऱ्याचें निमित्त सांगतात, असेंही कोणी कुजबुजलें. त्यांचा चेहरा उतरला हें आम्हीं पाहिलें. भीति त्यांस खरोखरच होती. हातांतील चालन-पेटी किंचित् कांपत होती. परंतु त्यांनीं शब्द मागें घेतला नाहीं. थोडा विचार करून त्या म्हणाल्या, “उडवून दाखवितें, पण टाकींत साधें पाणी घालूं. औषध उद्यां पहांटे मारूं.”

तसें केलें. टाकींत दहा लिटर पाणी भरलें, लोकांस मागें सारलें, आणि सहा पातीं एकदम घुमूं लागलीं. खळ्यावर वाऱ्याची वावटळ यावी तसा पाचोळा उडाला. यंत्र सरळ वर चढलें, क्षणभर थांबलें, आणि तुरीच्या शेंड्यांवरून हात-दोन हातांऐवजीं पुरुषभर उंची ठेवून पुढें सरकलें. पहिल्या फेरीस तें बांधाकडे थोडें ओढलें गेलें. बाईंनीं तें सांवरलें. दुसऱ्या फेरीस चाल सरळ झाली. पात्यांच्या खालच्या झोतानें तुरीचे शेंडे दुभंगत होते व पाणी आंतील फांद्यांपर्यंत पोंचत होतें, हें आम्हीं जवळ जाऊन पाहिलें. तिसऱ्या फेरीस शेजारी आपल्या तुतीच्या बांधावर उभा होता. त्यानें एकाएकीं चष्मा काढला व कांचा पुसल्या. कांचांवर बारीक थेंब होते. तो उभा होता ती जागा फवाऱ्यापासून चांगली दहा-बारा पावलें दूर होती.

त्यानें तो चष्मा कांहीं न बोलतां आबांच्या हातीं दिला. आबांनीं तो उन्हांत धरून पाहिला आणि मग जें उद्गार काढले ते आम्हांस फार मार्मिक वाटले. ते म्हणाले, “आपण बाजरी उपणायला वारा कधीं येतो म्हणून वाट पाहतों. ज्या वाऱ्यांत उपणणी होते त्या वाऱ्यांत हें काम करूं नये, हें आमच्या ध्यानांत यायला पाहिजे होतें.” पुन्हां कोणीं आग्रह केला नाहीं.

दुसरी सकाळ

दुसऱ्या दिवशीं उजाडतांच फवारणी झाली. पाहुणे नव्हते, आबा, त्यांचा नातू, शेजारी व आम्ही इतकेच होतों. हवा स्तब्ध होती. बाईंनीं हातमोजे, मुखपट्टी व चष्मा चढवून औषध कालविलें, आणि तुतीच्या बाजूचा एक पट्टा अगोदरच खुणा करून वगळला. आबांनीं विचारलें, “तेवढ्यांत अळी राहील त्याचें काय?” त्या म्हणाल्या, “शेजाऱ्यांचे किडे कोषावर गेले, पाला तोडणें थांबलें, म्हणजे तेवढा पट्टा हातपंपानें, खालीं धरून मारूं.” दोन एकरांचें काम, टाकी भरणें व बॅटरी बदलणें धरून, अर्ध्या तासाच्या आंत आटोपलें. पुढें शेजाऱ्याची बॅच सुखरूप उतरली व कोष बीडच्या बाजारांत गेले, असें आम्हांस कळलें.

हिशेब

या यंत्राचें कौतुक करितांना एक हिशेब पुष्कळांच्या नजरेंतून निसटतो. हातपंपानें तुरीस एकरीं सुमारें 200 लिटर पाणी लागतें; 16 लिटरचा पंप धरला तर बारा-तेरा पंप होतात. ड्रोनला एकरीं सुमारें 10 लिटर पुरतें. पाण्याची व श्रमाची ही बचत मोठी, आणि दुष्काळी तालुक्यांत तर फारच मोलाची आहे. परंतु औषधाची एकरी मात्रा तीच राहते. कमी होतें तें पाणी. म्हणजे ड्रोनच्या टाकींतील द्रावण हातपंपांतील द्रावणाच्या वीसपट तीव्र असतें. शेजाऱ्याच्या चष्म्यावर पाण्याऐवजीं औषधाचे थेंब पडले असते, तर त्यांतील प्रत्येक थेंब हातपंपाच्या वीस थेंबांबरोबर झाला असता. थेंब बारीक असल्यामुळें तो वाऱ्यावर दूर जातो, आणि तीव्र असल्यामुळें जेथें पडतो तेथें अधिक अपाय करितो. म्हणूनच हातपंपाच्या वेळीं चालून गेलेली हयगय येथें चालणार नाहीं. औषध कालविणाऱ्यासही हाच नियम लागू आहे. यंत्र उडालें म्हणजे धोका टळला असें नव्हे, तो कालवण्याच्या बादलीशीं येऊन थांबतो.

वाचकांस कांहीं सूचना

ज्यांस ड्रोननें फवारणी करवून घ्यावयाची आहे त्यांनीं पुढील गोष्टी ध्यानांत ठेवाव्या.

(1) चालविणाऱ्यापाशीं प्रमाणपत्र आहे कीं नाहीं हें प्रथम पाहावें. 25 ऑगस्ट 2021 रोजीं जाहीर झालेल्या ड्रोन नियमांप्रमाणें त्यासाठीं वय 18 ते 65 च्या दरम्यान असावें लागतें, दहावी उत्तीर्ण असावें लागतें व मान्यताप्राप्त संस्थेंत शिक्षण घ्यावें लागतें.

(2) फवारणीची सूचना निदान चोवीस तास अगोदर ग्रामपंचायतीमार्फत गांवांत द्यावी, आणि शेजाऱ्यांस स्वतः जाऊन सांगावें. तुतीची बाग, मधमाश्यांच्या पेट्या, विहीर, जनावरांचा गोठा व चाऱ्याचें पीक कोणत्या बाजूस आहे हें चालविणाऱ्यास दाखवावें.

(3) वेळ सकाळची किंवा सायंकाळची धरावी. वाऱ्याचा वेग ताशीं सुमारें 10 किलोमीटरांहून अधिक असेल तर काम थांबवावें. उपणणीस योग्य वारा तो फवारणीस अयोग्य, ही आबांची खूण सोपी व पक्की आहे.

(4) औषधाची मात्रा एकरावर मोजावी, टाकीवर नव्हे. ज्या औषधास त्या पिकावर व त्या किडीसाठीं शिफारस नाहीं तें स्वस्त मिळालें तरी घेऊं नये. द्रावण तीव्र असल्यामुळें पानें करपण्याचा संभव असतो. शंका असल्यास आधीं थोड्या भागावर पाहावें.

(5) चालविणारा काम थांबवूं म्हणाला तर त्यास आग्रह करूं नये, आणि त्या दिवसाच्या खोळंब्याबद्दल भाडें कापूं नये. खोळंब्याचें भाडें कापलें जाईल या भीतीनें जो वाऱ्यांत यंत्र उडवील तो आपलें व शेजाऱ्याचें दोघांचेंही नुकसान करील.

शेवटची सूचना आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते. यंत्र सरकारी साहाय्यानें मिळतें, शिक्षण पंधरा दिवसांत पुरें होतें. परंतु भरल्या सभेंत, वडीलधाऱ्यांपुढें, ‘आतां नाहीं’ असें म्हणण्याचें धैर्य कोणत्याही योजनेंतून वांटतां येत नाहीं. तें धैर्य टिकवावयाचें कीं खचवावयाचें हें मात्र आपल्या हातीं आहे, कारण शेत आपलें असतें व भाडेंही आपणच देतों. त्या दिवशीं बाई भिऊन आग्रहास बळी पडल्या असत्या, तर प्रात्यक्षिक यशस्वी झालें म्हणून टाळ्या पडल्या असत्या, आणि चार दिवसांनीं शेजाऱ्याच्या घरीं हाहाकार झाला असता. दोन घरांचा बांधावरून पिढ्यान्‌पिढ्या चालेल असा तंटाही लागला असता. तसें झालें नाहीं, याचें श्रेय त्या नवशिक्या चालिकेस आहे, आणि तिचें म्हणणें मानणाऱ्या आबांसही आहे.

पुढील हंगामांत आमच्या वाचकांपैकीं अनेकांच्या बांधावर हें यंत्र येऊन उभें राहील. त्या वेळीं त्यांनीं आधीं चिमूटभर माती वाऱ्यावर सोडून पाहावी, आणि मगच टाकी भरावयास सांगावें, एवढीच आमची विनंति आहे.